किरकोळ दुरुस्ती

ते दोन शब्द आपणच लिहिले आहेत हे त्याला आधी ओळखूच आलं नाही. शंकाबाईनं आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोपणानं एका ओळीवर टकटक केलं. “सर, हे तुमचंच ना? अकरा वर्षांपूर्वीचं आहे. पुढे तुमची आद्याक्षरं आहेत.” कोडमध्ये काही बदललं की काय बदललं आणि का बदललं हे मागून येणाऱ्यासाठी वर लिहून ठेवायचं असतं. तिथे लिहिलं होतं, ‘किरकोळ दुरुस्ती’. बस्स, एवढंच. इतरांच्या चार-चार ओळींच्या टिपांमध्ये ती टीप एखाद्यानं गर्दीत मान खाली घालून उभं राहावं तशी उभी होती. शंकाबाई हे काही तिचं नाव नव्हे. प्रत्येक मीटिंग आटोपत आली, लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या, की ही हात वर करायची आणि म्हणायची, “एक शंका आहे.” चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, दुसऱ्या कंपनीतून आलेली, तिनं ते नाव मनाला लावून न घेता स्वतःच्या कपावर लिहून टाकलं होतं. “का ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. सगळं नव्या भाषेत न्यायचंय. ही ओळ ठेवू की काढू?” तो म्हणाला, “बघतो.” कपातला चहा गार झालेला होता तरी त्यानं एक घोट घेतला. “आणि सर, अजून एक शंका. दुरुस्ती अर्धवटच आहे. पेशंटच्या आहारपत्राची प्रत होते, पण त्याच्या आत वर्ज्य पदार्थांची यादी आहे ना, तिची होत नाही. यादी दोघांत एकच राहते. म्हणजे एकाच्या यादीतून काही काढलं तर दुसऱ्याच्याही जाणार. अकरा वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” “पत्राची प्रत करायचं ते बटण कुणी वापरत नाही,” तो म्हणाला. “हॉस्पिटलनं बंद केलंय. प्रत्येक पेशंटचं पत्र नव्यानं लिहायचं आणि दोघांनी तपासायचं, असा नियम आहे तिथे.” शंकाबाई म्हणाली, “चांगला नियम आहे. कुणी केला?” तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं नाही.

तो आपल्या जागेवर येऊन बसला. डोक्यावरच्या वाहिनीतून थंड हवा मानेवर पडत होती. रोजच पडायची, आज ती बोट ठेवल्यासारखी लागत होती. नव्यानं कामावर येणाऱ्यांना तो वर्षानुवर्षं एकच उदाहरण देत आला होता. क्लास म्हणजे छापून आलेला कोरा फॉर्म आणि ऑब्जेक्ट म्हणजे तो भरलेला फॉर्म. एका क्लासमधून हवे तेवढे ऑब्जेक्ट काढा. इथपर्यंत सगळ्या भाषा सख्ख्या बहिणी. गंमत पुढे आहे, असं म्हणून तो फळ्याकडे वळायचा. भरलेल्या एका फॉर्मवरून दुसरा करायचा झाला आणि तुम्ही ‘ब बरोबर अ’ असं लिहिलंत, की प्रत्येक भाषा आपापल्या वळणावर जाते. जी भाषा तो पहिली शिकला ती जुन्या सरळमार्गी कारकुनासारखी होती. ती अ समोर ठेवून शेवटच्या टिंबापर्यंत उतरवून काढायची आणि ब म्हणून हातात द्यायची. त्यानंतर तुम्ही ब फाडा, जाळा, अ आपला जागच्या जागी. दुसरी भाषा मोठी ऐसपैस. ती काही उतरवून वगैरे काढत नाही. ती म्हणते, ठीक आहे, या फॉर्मला आजपासून ब असंही म्हणू. नावं दोन, फॉर्म एकच. घरात बाळू आणि बाहेर साहेब, पण खरचटलं तर दोघांनाही लागणार. आणि आता शंकाबाई ज्या तिसऱ्या भाषेत सगळं नेत होती ती खाष्ट. ती म्हणते, एका वस्तूला धनी एकच. ब ला दिलीस ना? मग अ चं नाव पुन्हा काढायचं नाही. काढलं तर ती प्रोग्रॅम चालूच देत नाही, तिथल्या तिथे कान धरते. फळ्यापुढे उभं राहून हे सांगताना तो रंगात यायचा, पोरं हसायची. आपण हे इतकं रंगवून का सांगतो हे मात्र त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या भाषेत त्याची पंधरा वर्षं गेली होती. मग हॉस्पिटलचा सगळा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत न्यायचा ठरला, तेव्हा त्यानं जाडजूड पुस्तकं वाचली, ‘बरोबर’च्या चिन्हावर ऑफिसात तासभर भाषण दिलं, आणि त्याच आठवड्यात कोड लिहिताना हात जुन्या वळणानं गेला. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. ते कामही त्याला ताईमुळेच मिळालं होतं. ताई म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. त्या हॉस्पिटलात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ होती. कुणाला काय वाढायचं आणि काय अजिबात वाढायचं नाही, हे ताई ठरवायची. लग्न केलं नाही, आणि केलं नाही म्हणून हळहळलीही नाही. पहिल्या दिवशी तिनं त्याला स्वयंपाकघरातून फिरवलं होतं: वाफेनं ओल्या भिंती, स्टीलच्या झाकणांचा खणखणाट, एका चाकानं कुरकुरणारी ट्रॉली, प्रत्येक ताटावर चिकटवलेली पट्टी. ताई झाकण जरा उचलून आत बघायची आणि पट्टी न वाचता सांगायची, हे नऊ नंबरच्या खाटेचं, हे बाविसाचं. “काय संगणकराव,” ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “तुमच्या मशीनला मीठ जास्त झालेलं कळतं का?” आचारी हसले होते आणि त्यालाही मनापासून हसू आलं होतं. बायकोच्या माहेरच्यांत त्याला नाव ठेवणारी आणि त्या नावानं जवळ करणारी ती एकटीच. त्या प्रोग्रॅमला एक बटण हवं, ही मागणीही तिचीच. “नवा पेशंट येतो तो बहुतेक वेळा कुणातरी जुन्यासारखाच असतो हो. त्याचं सगळं पत्र पहिल्यापासून कशाला लिहायला लावता? तसंच घ्यायचं आणि थोडं बदलायचं.” म्हणून त्यानं बटणाचं नावच ‘तसंच’ ठेवलं. ताईला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! घरी फोन करून बहिणीला सांगितलं होतं, तुझ्या नवऱ्यानं माझा शब्द मशीनमध्ये घातला.

नवा प्रोग्रॅम सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. चौदा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते, मूत्रपिंडं अधू झालेली, केळं आणि संत्र्याचा रस त्यांना विषासमान. पंधरावर नवा माणूस आला, दुखणं त्याच जातीचं पण हलकं. ताईनं चौदाच्या पत्रावरून ‘तसंच’ दाबलं आणि मग पंधराच्या पानावर जाऊन, झेपेल म्हणून, केळं आणि रस मोकळे केले. सकाळचे अकरा चाळीस. खाटा दोन, पेशंट दोन, आणि मशीनच्या पोटात पत्र एकच. तीन जेवणं शिक्षकांच्या ताटात केळं गेलं. ट्रॉलीवाल्यानं पट्टी वाचली, पट्टीवर होतं तेच वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या छातीचे ठोके अडखळायला लागले. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. दहाव्या दिवशी ते काठी टेकत घरी गेले, एवढं देवानंच राखलं. पण तोवर नोंदी तपासून झाल्या होत्या. मशीन बदलांची जी वही ठेवायचं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: चौदाचं पत्र, बदलणाऱ्याच्या जागी ताईचं नाव, वेळ अकरा चाळीस. ताई म्हणत होती, “मी पंधराच्या पानावर होते. चौदाला मी हातसुद्धा लावला नाही.” चौकशीला एका लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते, अलीकडे ताई. त्याला नुसतं विचारायला म्हणून बोलावलं होतं. मधल्या माणसानं चष्मा पुसत विचारलं, “एकाचं पत्र बदललं की दुसऱ्याचं आपोआप बदलेल, असं तुमच्या प्रोग्रॅममध्ये होऊ शकतं का?” त्यानं क्षणभरही विचार केला नाही. तो म्हणाला, “नाही. मशीन आपल्या मनानं काही करत नाही.” ताईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखादा हिशोब स्वतः दोनदा केलेला असावा आणि शेजाऱ्यानं वेगळंच उत्तर सांगावं, तशी गोंधळून तिनं पाहिलं आणि मग समोरच्या नोंदीच्या कागदावर बोट ठेवून ती तो पुन्हा वाचू लागली.

तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. या एका वाक्याला धरून तो अकरा वर्षं तगला होता. तेव्हा त्याला माहीत नव्हतं. माहीत झालं ते त्यानंतर पंधराव्या दिवशी, दुपारच्या वेळी, भलतंच काहीतरी शोधताना. पडद्यावर दोन पेशंटांची नावं होती आणि त्यांच्या पुढे, मशीनच्या आतला, पत्राचा पत्ता. दोन्हीकडे आकडे तेच. त्यानं शेवटून मागे एकेक आकडा ताडून पाहिला. कानाच्या पाळ्या तापल्या. आसपास सगळे जेवणाचे डबे बंद करत होते, कुणीतरी कुणाला क्रिकेटचा स्कोअर विचारत होतं. दुरुस्ती करायला चार मिनिटं लागली. मागून माणसं परत येत होती, म्हणून वरच्या पत्राची प्रत करून त्यानं हात आखडता घेतला, आतल्या यादीचा विचारही मनात आला नाही. मग टीप लिहायची जागा पुढे आली. कर्सर लुकलुकत होता. त्यानं लिहिलं, ‘एका पेशंटच्या पत्रात केलेला बदल दुसऱ्या’, आणि पुसलं. ‘प्रत नीट होत नव्हती’, तेही पुसलं. मग ते दोन शब्द. लिहून झाल्यावर त्याला भूक लागली होती, हे त्याला आजही लख्ख आठवत होतं. खाली जाऊन त्यानं दोन सँडविच खाल्ली होती.

सांगणार तर तो होताच. ताईनं तोवर राजीनामा दिला होता. कुणी काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं, म्हणाली. मग आता सांगून तिची जागा थोडीच परत मिळणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग त्याला खात्याचा प्रमुख केलं, आणि खाली बारा माणसं आली. त्यांच्यासमोर उभं राहून कसं सांगणार. मग हॉस्पिटलनं नियम काढला, बटण बंद केलं, म्हणजे आता धोका तरी टळला. कारणं येत गेली. प्रत्येक कारण नवं दिसायचं आणि आतून तेच असायचं. खरं कारण भीती होतं आणि त्याला ते तेव्हाही ठाऊक होतं. पण सगळ्यात वाईट दिवस तो दुरुस्तीचा नव्हे. सगळ्यात वाईट दिवस त्याच्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाचा. मुलं फुगे फोडून दमली होती, मोठी माणसं टेबलाभोवती बसली होती, आणि ताई कुणी काही विचारलेलं नसताना बहिणीला म्हणाली, “माझ्याच हातून झालं असणार गं. इतकी माणसं, त्यात मशीनमध्ये नोंद. सगळे खोटे आणि मी तेवढी खरी, असं कसं असेल?” बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं जग उचलला आणि ताईच्या पेल्यात पाणी ओतलं. आणि पाणी ओतताना त्याला हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. तीच आता तसं म्हणते आहे, म्हणजे प्रकरण मिटलं. आयुष्यात त्याला ज्या काही गोष्टींची लाज वाटत असेल त्यांत ते हायसं वाटणं पहिलं होतं.

त्या दिवसानंतर ताई तपासायला लागली. गॅसची कळ तीनदा, दाराची कडी तीनदा ओढून, नळ तीनदा. तिसऱ्यांदा झालं की स्वतःशीच “बरोबर” म्हणायची आणि मगच हलायची. तिला आता एक छापखाना शाळेच्या पुस्तकांची प्रूफं वाचायला द्यायचा. ओळीखाली फूटपट्टी धरून एकदा अक्षरांसाठी, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा शेवटाकडून उलट, अशी तीनदा वाचून ती पानाच्या कडेला तोच शब्द लिहायची. छापखानेवाले खूश होते. घरात तिची चेष्टा व्हायची. मुलगी थोडी मोठी झाल्यावर मावशीची हुबेहूब नक्कल करायची, फ्रिजचं दार तीनदा ओढून मान हलवत “बरोबर” म्हणायची आणि सगळे पोट धरून हसायचे, ताईही. हसणाऱ्यांत तोही असायचा. फक्त तिच्याकडून निघताना तो दारापाशी जरा रेंगाळायचा, आतून कडी ओढल्याचा आवाज मोजायचा. एक, दोन, तीन. एखाद्या दिवशी दोनच होतील, अशी काहीतरी खुळी आशा त्याला होती. तसं झालं तर आपलं आपणच बरं झालं असतं, आणि तोंड उघडावं लागलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शंकाबाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात तो कप. “सर, त्या ओळीचं काय करू? आणि तो नियम कुणी केला ते राहिलंच.” समोरच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, कीबोर्डच्या फटींतली धूळ दिसत होती. तो धुळीकडे बघत म्हणाला, “नियम माझ्या मेहुणीमुळे झाला. त्या ओळीत जी चूक होती ना, ती तिच्या अंगाशी आली. तिला नोकरी सोडावी लागली.” एवढं बोलून झाल्यावर आपण हे मोठ्यानं बोललो हे त्याच्या लक्षात आलं. शंकाबाई खुर्ची ओढून बसली नाही, अरेरे म्हणाली नाही. तिनं खालच्या आवाजात विचारलं, “त्यांना सांगितलंत?” तो म्हणाला, “नाही.” “अजून?” “अजून.” तिनं कप दुसऱ्या हातात घेतला. “मग सर, टीप मी आज लिहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहा. आधी त्यांना सांगा, मग लिहा.” एवढी स्वच्छ सूचना त्याला या ऑफिसात कुणी केली नव्हती. त्यानं मशीन बंद केलं आणि तीन वाजता, बारा माणसांच्या देखत, बॅग खांद्याला लावून तो बाहेर पडला.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. दुकानांच्या पाट्या मागे सरत होत्या. एकाच नावाची दोन दुकानं शेजारीशेजारी होती आणि मधे भिंत होती की आतून एकच, हे तो मान वळवून बघत राहिला. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. सुरुवात भाषांपासून करावी, म्हणजे तिला नीट समजेल. मग मोबाइल वाजला. बायको होती. “ऑफिसातून निघालास? बरं नाहीये का?” तो म्हणाला, “ताईकडे चाललोय.” “आज? आठवड्याच्या मधेच?” “काम आहे.” बायको म्हणाली, “बरं, जातोच आहेस तर तिला म्हणावं, डोळे दाखवून घे, प्रूफं नाकाला लावून वाचते हल्ली. आणि हे बघ, निघताना दाराबाहेर उभा राहू नकोस तिची कडी मोजत. तिला कळतं ते. मागे एकदा मला म्हणाली, तुझा नवरा जिन्यात थांबतो, माझी कीव करतो वाटतं.” कीव. त्यानं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. “ऐकतोयस ना?” बायको म्हणाली. “हो,” तो म्हणाला. तिला आत्ताच सांगून टाकावं, असं वाटलं. पण मग ताईच्या आधी आणखी एका माणसाला कळलं असतं. आधीच शंकाबाईला कळलं होतं. ज्या माणसाचं होतं ते त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचणार होतं. तो एक थांबा आधीच उतरला आणि चालत गेला.

ताईनं दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात फूटपट्टी होती. “अहो, तुम्ही? यावेळी?” पूर्वी ती अशा वेळी “या, संगणकराव” म्हणाली असती. ते नाव कधी बंद पडलं हे त्याला नेमकं सांगता आलं असतं. खोलीत टेबलावर प्रूफांचा गठ्ठा होता, भूगोलाचं पुस्तक, नद्यांची लांबी देणारा तक्ता. त्यावर खिडकीतला उजेड तिरपा पडलेला. तिनं त्याला पाणी आणून दिलं. त्याला तो पेला हातात धरवेना, त्यानं तो टेबलावर ठेवला. “ताई,” तो म्हणाला, “हॉस्पिटलमधलं ते. चौदा नंबरचं.” तिचा चेहरा एकदम आवरल्यासारखा झाला. “ते कशाला आता?” आणि तो बोलायला लागला. म्हणाला की, प्रोग्रॅमच्या भाषा वेगवेगळ्या असतात. एका भाषेत बरोबरचं चिन्ह टाकलं की प्रत होते, दुसरीत प्रत होत नाही, नुसतं दुसरं नाव मिळतं. त्या वर्षी आम्ही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलो होतो. फॉर्मचं उदाहरण त्यानं दिलं, तोंडपाठच होतं. ताईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या हातातली पट्टी टेबलाच्या कडेला समांतर धरलेली होती. “मला नीट नाही कळलं,” ती म्हणाली. “परत सांगा.”

त्यानं परत सांगितलं. या वेळी भाषा बाजूला ठेवल्या. तुम्ही ‘तसंच’ दाबलंत, तेव्हा पंधराला स्वतःचं पत्र मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. चौदाचंच पत्र दोघांना लागू झालं. म्हणून पंधराचं बदललं तसं चौदाचंही बदललं, आणि नोंद चौदाच्या नावावर पडली. प्रोग्रॅममध्ये एक चूक राहून गेली होती. बोलताना त्याचं तोंड कोरडं पडलं होतं, तरी पेल्याकडे हात जाईना. “राहून गेली होती,” ताई म्हणाली. प्रूफात खटकलेला शब्द बाजूला काढावा तसे तिनं ते शब्द उच्चारले. “कुणाकडून?” तो म्हणाला, “प्रोग्रॅम आमच्याकडून गेला होता.” ती त्याच्याकडे बघत राहिली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजून थांबली. मग म्हणाली, “परत सांगा.”

आता बाजूला ठेवायला काही उरलं नव्हतं. “चूक माझी होती,” तो म्हणाला. “ती ओळ मी लिहिली होती. तुम्ही पंधराचंच पत्र बदललं होतंत. चौदाला तुम्ही हात लावला नव्हता. त्या टेबलासमोर मी नाही म्हणालो तेव्हा मला माहीत नव्हतं, पण पंधरा दिवसांनी कळलं. मी ते गुपचूप दुरुस्त केलं आणि गप्प बसलो. वाढदिवसाला तुम्ही म्हणालात की माझ्याच हातून झालं असणार, तेव्हा मला माहीत होतं. मी तुम्हाला पाणी वाढलं, आणि मला बरं वाटलं.” हे शेवटचं सांगायचं त्यानं ठरवलं नव्हतं. ताईनं पट्टी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून तिनं त्यांच्याकडे पाहिलं, बोटांकडे, नखांकडे. “बरोबर,” ती म्हणाली.

तिनं हात मांडीवर घेतले. मग ती हळू म्हणाली, “मला आधी पंधराचं पान दिसायचं. डोळे मिटले की दिसायचं. वर त्या माणसाचं नाव, खाली केळं, रस. मग तुम्ही सगळे सांगत गेलात, आणि एक दिवस पाहते तर वर शिक्षकांचं नाव. तेव्हापासून मला चौदाचंच पान दिसतं. आत्ताही तेच दिसतंय.” तिनं डोळे मिटले आणि उघडले. “खरं होतं ते मी कुठे घालवलं हो?” मशीनमध्ये पुसलं गेलेलं कुठे शोधायचं हे त्याला माहीत होतं, हे नव्हतं. “तेव्हा काय लिहून ठेवलंत?” तिनं विचारलं. “दुरुस्त केलंत तेव्हा. तुम्ही लोक लिहून ठेवता ना काहीतरी.” त्यानं सांगितलं. तिनं ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, आणि पहिल्या शब्दाशी थांबली. “ताई, मला,” त्यानं सुरुवात केली, आणि तिनं हात वर केला. “आज नको. ते आज बोलू नका.” ती उठली, टेबलावरचा पाण्याचा भरलेला पेला उचलून आत घेऊन गेली आणि परत येऊन दाराशी उभी राहिली. “या आता.”

तो बाहेर आला. पाठीमागे दार लागलं. बायकोनं सांगितलेलं त्याला आठवत होतं, आणि तरी तो पहिल्या पायरीशी थांबला. आज तिची कीव करायला नव्हे. कडी सरकली. ओढल्याचा आवाज आला, एकदा. मग दुसऱ्यांदा. मग काहीच आलं नाही. जिन्यातल्या झरोक्यातून ऊन येत होतं, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायच्या बेतात फुसफुसत होता. दाराच्या त्या बाजूला ती उभी होती हे त्याला कळत होतं, आणि या बाजूला तो उभा आहे हे तिलाही. आता ती आत जाईल, असं त्याला खरंच वाटलं.

कडी तिसऱ्यांदा ओढली गेली. तो जिना उतरू लागला.